कोठारापर्यंतची वाट

वैजू, तुझ्या नावाची पाटी लावायची म्हणताहेत. संगमरवराची, तीन भाषांत. बंगालीत तू 'बोइजोयोन्ती' होणार, इंग्रजीत स्पेलिंग चुकणार, आणि हिंदीत 'स्वर्गीय' लिहायचं की 'स्वर्गीया' यावर समितीत बराच वेळ चर्चा झाली. तू असतीस तर टेबलावर डोकं ठेवून हसली असतीस. मी हसले नाही. कपातला चहा तसाच ठेवून उठले, आणि जिन्यात आल्यावर मला कळेना, राग नेमका कुणाचा आलाय. त्यांचा की तुझा.

तुझाच असणार. त्यांच्याकडून माझी कधी अपेक्षाच नव्हती.

शोकसभेत तुला मृदुभाषी म्हणाले. मराठी मंडळाच्या हॉलमध्ये तुझा तो साडीतला फोटो लावला होता, ज्यात तू तुझ्यासारखी दिसत नाहीस. आठल्येकाका उभे राहिले, चष्मा काढला आणि म्हणाले, "वैजयंती म्हणजे अत्यंत मृदुभाषी, सर्वांना सांभाळून घेणारी." मी मागच्या रांगेत होते. भर बैठकीत एका बड्या साहेबाला 'तुम्ही ती इमारत बघितलेली नाही, तुम्ही तिच्या दारात फोटो काढलाय' असं सुनावणारी बाई मृदुभाषी? मला उठून सांगावंसं वाटलं, अहो, ती भांडायची. जगात तिला दुसरं काही नीट येतच नव्हतं. पण पहिल्या रांगेत काकू बसल्या होत्या, तुझी आई, पाठ ताठ ठेवून, आणि आठल्येकाकांच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या.

मला तू कामावर घेतलंस तेच मुळी भांडायला. नवऱ्याला न्यू टाउनच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून मी नाशिक सोडून इथे आलेली, मुलगी लहान, आर्किटेक्टची पदवी कपाटात. ओळखीतून कुणीतरी तुझा पत्ता दिला. एस्प्लनेडच्या त्या गल्लीतला तिसरा मजला, बंद लिफ्ट, आणि दारातच तुझा प्रश्न, "चहा खाणार?" मला वाटलं माझ्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. मग तूच हसलीस. "इकडे चहाही खातात आणि पाणीही खातात. वडलांची बँकेतली बदली, मी डमडमला वाढले, माझं मराठी सांभाळून घे." माझी चित्रं भराभरा उलटलीस आणि एका घराच्या नकाशावर बोट ठेवून म्हणालीस, "हे वाईट आहे." मी म्हटलं, का? मग दुपारपर्यंत आपण त्या घरावरून भांडलो. ते घर कधी बांधलंच गेलं नव्हतं. निघताना म्हणालीस, "उद्यापासून ये. बंगालीत भांडले की मी हरते आणि इंग्रजीत भांडले की खोटं बोलते. मला मराठीत भांडायला कुणीतरी हवंच होतं."

त्या एका वाक्यामुळे या शहरात माझे पाय टेकले, वैजू. हे तुला सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, नाटकं करू नकोस, तो जिन्याचा नकाशा पूर्ण कर.

आणि मग ते दारूकोठार आलं. घरी सांगितल्यावर माझा नवरा म्हणाला होता, "दारूचं कोठार? आणि तुम्हा दोघींना तिथे जायचे पैसेही देताहेत?" मी त्याला सांगितलं, प्यायची नव्हे, बंदुकीची. डमडमच्या पलीकडे, गोऱ्यांच्या फौजेने दारूगोळा ठेवायला बांधलेली बुटकी, जाड भिंतींची विटांची इमारत. कित्येक वर्षं कुलपात पडलेली. आता एका समितीला ती लोकांसाठी उघडायची होती आणि शेजारी एक व्हिजिटर सेंटर हवं होतं. कामाच्या मराठी टिपणात मी 'अभ्यागत केंद्र' असं लिहिलं, तर तू ते 'अभागी केंद्र' असं वाचलंस, आणि पुढे आपल्या ऑफिसात त्याचं नाव तेच पडलं. आता वाटतं, बरोबर वाचलं होतंस.

पहिल्यांदा गेलो ती वैशाखातली दुपार होती. पहारेकऱ्याने कुलूप काढलं. आत पाऊल टाकलं तर काळोख, नुसता काळोख, आणि गारवा. मी मोबाइलचा दिवा लावला. तू म्हणालीस, "बंद कर."

"अगं, काही दिसत नाहीये."

"दिसेल. थांब."

आपण थांबलो. मला कंटाळा आला, मग थोडी भीती वाटली, मग पुन्हा कंटाळा आला. आणि मग कधीतरी समोर एक कमान उभी राहिली. तिच्यामागे दुसरी. ठिणगी सरळ आत येऊ नये म्हणून त्या भिंतींत झरोके वाकडे ठेवलेत. त्यांतून उजेड आत शिरताना भिंतीवर आपटत आपटत येतो आणि आत पोचेपर्यंत दुधासारखा मऊ होतो. त्या उजेडात विटेवर वीट दिसायला लागली, छताचा घुमट दिसला, जमिनीवरची झीज दिसली. मला आठवतं, मी तुझा हात धरला होता. तू काही बोलली नाहीस. तुझ्या बाबतीत ती बातमीच होती.

बाहेर पायरीवर बसलो तेव्हा म्हणालीस, "अनघा, लोक येतील, दारातून डोकावतील, 'काहीच नाहीये' म्हणतील आणि परत जातील. उन्हातून आलेल्या माणसाला आत काही दिसतच नाही. आपल्याला नुसतं केंद्र बांधून भागणार नाही. माणसांचे डोळे तयार करायचेत."

हाच तुझा आराखडा. फाटकापासून कोठारापर्यंत एक लांब, बसकी, वळणावळणाची वाट. माहितीच्या खोल्या त्या वाटेतच ओवलेल्या. प्रत्येक वळणावर उजेड थोडा कमी. माणूस वाचत, बघत, बोलत कोठाराच्या दाराशी पोचेल तेव्हा त्याचे डोळे अंधाराला सरावलेले असतील आणि आत गेल्याबरोबर त्याला दिसेल. बाहेरून केंद्र दिसणारसुद्धा नाही. गवताखाली झोपलेलं.

कल्पना बरोबर आहे हे मला पहिल्या दिवशीच पटलं होतं. लांबी पटली नव्हती. म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं? पडलं कोण तर? अंधाराला घाबरणाऱ्या मुलांनी? ज्या बाईला नुसतं स्वच्छतागृह हवंय तिला तू इतिहास वाचत चालायला लावणार?

"स्वच्छतागृह फाटकातच काढू."

"मग वाटही कमी कर की थोडी."

"डोळ्यांना लागतो तेवढा वेळ लागतो. तो काही समितीच्या ठरावाने कमी होत नाही."

यावर आपण किती भांडलो, वैजू. ऑफिसात, मेट्रोत, तुझ्या घरी काकूंच्या साबुदाण्याच्या खिचडीवर. काकू म्हणायच्या, "अगं, खाताना तरी नका." एकदा तू मला मीटरपट्टी मारायला उचललीस आणि मग त्याच पट्टीने मला भिंतीची जाडी दाखवायला लागलीस. मी म्हणायचे, इमारत माणसांसाठी असते. तू म्हणायचीस, ही इमारत दारूसाठी होती, माणूस इथे पाहुणा आहे, पाहुण्याने थोडं थांबावं. दोघींचंही खरं होतं आणि म्हणूनच ते भांडण संपत नव्हतं.

समितीचं मात्र आपल्या दोघींशीही काही देणंघेणं नव्हतं. अध्यक्ष देबब्रतबाबूंना काचेचा मंडप हवा होता. "लांबून दिसला पाहिजे, दीदी. संध्याकाळी उजळला पाहिजे. लोक समोर उभं राहून फोटो काढतील." आत मोठा पडदा, त्यावर लढाई, स्फोट, धूर. तू म्हणालीस, "या कोठारात कधी स्फोट झाला नाही. न फुटणं हीच या इमारतीची कामगिरी आहे." सगळे हसले. त्यांना वाटलं तू विनोद केलास.

मग सुरू झालं ते टोलवणं. बैठकीत आपला विषय शेवटी, 'इतर बाबी'त. तोवर निम्मे लोक उठलेले. तुला बोलायला पाच मिनिटं आणि त्यात दोनदा कुणाचा तरी फोन वाजणार. चित्र काढलं तर म्हणायचे, समजत नाही. पुठ्ठ्याची प्रतिकृती केली तर म्हणायचे, छान आहे, पण फार काळोखी वाटते. शेवटी तू म्हणालीस, "या गावात दुर्गापूजेला बांबूकापडाची अख्खी देवळं उभी करतात. मला तिथे एक बोळ उभारू द्या. खऱ्या मापाचा. चालून बघा, नाही पटलं तर मी गप्प बसेन." त्यावर उत्तर आलं, संरक्षित वास्तूच्या आवारात खड्डा काय, खिळासुद्धा मारता येत नाही. खिळा नकोय, नुसते बांबू टेकवायचेत, तू लिहून दिलंस. वरून परवानगी लागेल. वर विचारा. वर विचारलंय. पुढच्या बैठकीत बघू. असे किती हेलपाटे घातलेस तू, हातात ती नकाशांची नळी घेऊन. एका पावसाळ्यात तर नळीत पाणी शिरलं आणि सगळी वाट कागदावरून वाहून गेली. तू पुन्हा काढलीस. मी त्या दिवशी तुझ्यावर चिडले होते, की कशासाठी? कोण बघणार आहे?

तुझा ऑफिसातला शेवटचा दिवस. समितीने कळवलं होतं, काचेचा आराखडा करून द्या, नाहीतर दुसऱ्या कुणाला सांगतो. मी म्हटलं, "वैजू, वाट अर्ध्यावर आणू. पुढे काच लावू दे त्यांना. अर्धं तर अर्धं."

"अर्धा अंधार म्हणजे काय गं? अर्धी नदी पोहून माणूस कुठे पोचतो?"

"निदान बुडत तरी नाही."

तू माझ्याकडे असं बघितलंस की आता पट्टी येणार. पण तू पिशवी उचललीस. "माझं डोकं दुखतंय. उद्या बोलू." दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणालीस, ताप आहे, नकाशाला हात लावू नकोस. मी म्हटलं, नाही लावत, झोप.

डेंग्यू. तू एकाही बड्या साहेबाला घाबरली नाहीस, तीन अध्यक्षांना पुरून उरलीस आणि डासाने गेलीस! मला याचं काय करावं ते समजत नाही. कुणी म्हणतं देवाची इच्छा, कुणी म्हणतं वेळ आली होती. मला यात इच्छाही दिसत नाही आणि वेळही दिसत नाही, नुसता निष्काळजीपणा दिसतो. कुणाचा ते माहीत नाही. गावात पूजेची धामधूम, रस्तोरस्ती ढाक वाजताहेत, नवे कपडे घातलेली माणसं रांगा लावून मांडव बघताहेत, आणि त्या गर्दीतून वाट काढत आम्ही तुला नेलं. तुझी ती गाडी एका मांडवासमोर अडली. ढाकवाल्यांनी बघितलं आणि हात थांबवले. तेवढीच एक गोष्ट त्या दिवसात नीट झाली.

पूजेनंतरच्या पहिल्या बैठकीला मी एकटी गेले. यावेळी आपला विषय सर्वांत आधी होता. सगळे उभे राहिले, दोन मिनिटं शांत. कुणाचाही फोन वाजला नाही. तुला बोलायला जी माणसं पाच मिनिटंही धड देत नव्हती ती तू नसताना मान खाली घालून उभी होती. मग देबब्रतबाबू मला म्हणाले, "दीदींसाठी आम्ही काय करू शकतो, सांगा." खरंच ओलावा होता आवाजात. वाईट माणूस नाहीच तो.

मी म्हटलं, "बांबू आणि कापड."

त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. एकच फोन, वैजू. वर, खाली, संरक्षित वास्तू, खिळा, काहीही आडवं आलं नाही. जवळच्याच मोहल्ल्यातला पूजेचा मांडव उतरत होता. त्याचे बांबू आणि काळं कापड दुसऱ्या दिवशी ट्रकने आवारात येऊन पडलं. मी माप काढून दिलं. तुझं माप, पुरं. अर्धं नाही. का, ते मला विचारू नकोस.

समिती आली ती भर दुपारी, चुळबुळत. मी कुणालाच काही समजावून सांगितलं नाही. फक्त म्हटलं, चला. तिघेचौघे बोलत शिरले. पहिल्या वळणावर आवाज खाली आले. दुसऱ्या वळणावर कुणीतरी म्हणालं, पडलं कोण तर? आणि मला हसू आलं, कारण हे माझंच वाक्य होतं. मग शेवटचं वळण आलं. कोठारात पाऊल टाकलं आणि देबब्रतबाबूंच्या तोंडून 'आहा' निघालं. कमानी दिसत होत्या, एकामागे एक, अगदी पहिल्या क्षणापासून. झरोक्यातला तो उजेड त्यांच्या पांढऱ्या शर्टावर पडला होता. तुझं म्हणणं बरोबर होतं. माझ्या डोळ्यांसमोर ते बरोबर ठरलं आणि ते बघायला तू नव्हतीस. इतका आनंद आणि इतका संताप मला एकाच वेळी कधी झाला नव्हता.

बाहेर आल्यावर त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "ठीक आहे. काच नको. दीदींच्या स्मृतीसाठी एवढं तर करायलाच हवं."

"स्मृतीसाठी नको," मी म्हटलं. "बरोबर आहे म्हणून करा."

त्यांनी माझ्याकडे फार मायेने बघितलं, दुःखातल्या माणसाकडे बघतात तसं. "हो, हो. तेही आहेच."

तेही आहेच! मी तिथे ओरडले असते. पण ओरडले असते तरी त्यांनी मला पाणी आणून दिलं असतं. तू एवढी वर्षं डोकं आपटलंस ते त्यांनी हार घालावा तसं मंजूर केलं. पटलं म्हणून नाही, तू गेलीस म्हणून. आता पुढची बैठक झाली ती सगळी पाटीवर. मी काय करायला हवं होतं? नको म्हणायचं? तू काय केलं असतंस ते मला नीट माहीत आहे. तू म्हणाली असतीस, कारण काहीही देऊ देत, सही घे आणि पळ. आणि मग घरी जाऊन रडली असतीस. मी सही घेतली.

बांबू सोडायच्या आदल्या दिवशी काकूंना घेऊन गेले. 'एकदा दाखवते' असं तू त्यांना सांगत आली होतीस म्हणे. डमडमहून टॅक्सी केली. वाटभर त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. माझा दंड धरून त्या बोळात शिरल्या. एका हातात काठी. दर थोड्या वेळाने थांबायच्या, श्वास घ्यायच्या. मी म्हटलं, परत जाऊ या का? म्हणाल्या, "नाही. एवढी आले."

आत पोचलो. त्या उभ्या राहिल्या, वर बघितलं, कमानी बघितल्या. मग म्हणाल्या, "हिच्या लहानपणी इकडे रोज लाइट जायची गं. तासन् तास. मी मेणबत्ती शोधायला उठले की ही माझा पदर धरायची. म्हणायची, थांब आई, दिसेल. आणि सांगत बसायची, आता खुर्ची दिसली, आता बाबा दिसले."

वैजू, हे तू मला कधी का नाही सांगितलंस? इतक्या बैठका, इतके नकाशे, डोळ्याच्या बाहुलीची ती शास्त्रीय आकृतीसुद्धा आणलीस, आणि हे एवढंसं सांगितलं नाहीस. देबब्रतबाबूंच्या घरीही तेव्हा लाइट जातच असेल. त्यांना एका वाक्यात कळलं असतं. आणि मला? मी पट्टी घेऊन मीटर मोजत बसले ना तुझ्याशी! मी त्या थंड काळोखात उभी राहून तुझ्यावर इतकी चिडले की डोळ्यांत पाणी आलं आणि कमानी पुन्हा दिसेनाशा झाल्या.

परतीच्या वाटेवर काकू दुसऱ्या वळणाशी थांबल्या. बांबूला टेकल्या. पोटऱ्यांवरून हात फिरवत म्हणाल्या, "छान केलंय. पण फार लांब केलीये गं वाट. पाय भरून आले माझे. तिला सांग."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी वाक्य मागे घेतलं नाही. मीही त्यांना घेऊ दिलं नाही.

"सांगते," म्हटलं.

म्हणून हे सांगते आहे. पक्क्या नकाशात लांबी तुझीच ठेवलीये, बोटभरही कमी केलेली नाही. दुसऱ्या वळणावर भिंतीत एक बाक काढलाय, दोन माणसं बसतील एवढा. तुला पटणार नाही. म्हणशील, माणसं तिथेच रेंगाळतील, मागे गर्दी होईल, मोबाइल काढतील आणि सरावलेले डोळे पुन्हा बिघडवतील, सगळी वाट फुकट जाईल.

म्हण ना.